मागच्या बाकावरचा लाल दिवा

कुराडेबाईंना एका जागी बसवत नसे. वर्गात शिकवताना त्या फळ्यापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून शेवटच्या बाकापर्यंत फेऱ्या घालत, आणि मुलंही माना वळवून वळवून त्यांच्या मागे फिरत. अशा बाईंना सरकारने मार्गदर्शक शिक्षिका केलं आणि काम काय दिलं, तर मागच्या बाकावर तोंड मिटून बसायचं. समोर शिकाऊ शिक्षिका शिकवणार आणि बाईंनी फक्त निरीक्षण करायचं. पाठ चालू असताना निरीक्षकाने एक अक्षर बोलायचं नाही, बोललं की पाठ बाद, असा नियम होता. हा नियम ज्यांनी केला त्यांनी कुराडेबाईंना पाहिलेलं नसणार.

शाळा गडहिंग्लजच्या पुढची, ओढ्याकाठची. चौथीचा वर्ग बाईंचा. जूनमध्ये बाई निवृत्त होणार होत्या, आणि तोपर्यंत परवाना मिळालेलं कुणी हा वर्ग घ्यायला तयार झालं नाही, तर वर्गात पडदा येणार होता. शेजारच्या दोन गावांत तो आलाही होता. कुठूनतरी लांबून एक गोड आवाजाचे सर एकाच वेळी पन्नास शाळांना शिकवत, आणि मुलांना गप्प ठेवायला वर्गात एक सेविका असे. मुलं गप्प राहतही. बाईंनी एकदा जाऊन पाहिलं होतं, आणि त्या गप्प बसण्याचीच त्यांना धास्ती बसली होती.

आधीच्या दोन शिकाऊ मुली वर्ष संपताच निघून गेल्या होत्या. एक बँकेत चिकटली, दुसरी बेंगळुरूला. दोघींना बाईंनी जीव लावून घडवलं, दोघींनी जाताना वाकून नमस्कार केला, आणि आपलं काय चुकलं हे बाईंना शेवटपर्यंत उमगलं नाही. आता तिसरी आली होती, आजऱ्याची अल्फिया नदाफ. बावीस वर्षांची, हुशार, बारीक आवाजाची आणि नाकावर चष्मा. ही गेली की पडदा आलाच म्हणून समजायचं.

चष्मा नंबराचा नव्हता. त्या वर्षापासून सगळ्या शिकाऊ शिक्षकांना तो सक्तीचा झाला होता. माणूस विचारात पडला की त्याच्या डोळ्यांतल्या बाहुल्या किंचित मोठ्या होतात, श्वास क्षणभर अडतो, नाडीची लय बदलते. हे मुद्दाम करता येत नाही आणि लपवताही येत नाही. वर्गाच्या छताला एक पांढरी डबी बसवलेली असे. तिच्यातून अतिसूक्ष्म रेडिओलहरी निघत आणि माणसांच्या छातीवर आपटून परत येताना श्वासाची, ठोक्यांची हालचाल टिपून आणत. बाहुल्या बघायला चष्म्यातच बारीक कॅमेरा होता. हजारो तासांचे खरे वर्ग पाहून तयार झालेली एक संगणकप्रणाली या दोन्हींचा मेळ घाली, आणि शिकवणाऱ्याला काचेतून प्रत्येकाच्या डोक्यावर एक ठिपका दिसे.

शाळांमधून सगळे त्याला दिवा म्हणत. मन शोधत असेल आणि अजून हाती काही लागलं नसेल, तर दिवा लाल. शोध संपून मन स्थिरावलं की हिरवा. आणि शोध सुरूच झाला नसेल, नुसतीच मान डोलत असेल, तर राखाडी. तासाच्या शेवटी हिरव्या दिव्यांचं प्रमाण आपोआप प्रशिक्षण केंद्राकडे जाई. परवान्यासाठी निम्मे गुण त्या दिव्यांचे आणि निम्मे बाईंचे.

सुरुवातीचे पाठ बाईंनी कसेबसे सोसले. अल्फियाची तयारी चोख होती, अक्षर वळणदार, आणि पाठाचं टाचण तर नमुना म्हणून भिंतीवर लावावं असं. पण शिकवता शिकवता तिची नजर उडे ती थेट मागच्या बाकावर. नजर उडाली की झालंच. नुकतंच सांगितलेलं ती परत सांगायची, मग आणखी सोपं करून सांगायची, मग उदाहरण बदलून पुन्हा तेच. पुढची पोरं पेन्सिली चावायला लागली तरी हिचं दळण थांबायचं नाही. परिमिती म्हणजे कडेकडेची लांबी, हे तिने एका तासात इतक्यांदा सांगितलं, की रेवा नावाच्या चुणचुणीत मुलीने शेवटी उठून खिडकी उघडली आणि ती ओढ्याकडे बघत बसली.

पाठ झाला की दोघी शिक्षकांच्या खोलीत चर्चेला बसत. म्हणजे बाई बोलत.

"मुलांकडं बघत जा, माझ्याकडं नको."

"हो बाई."

"एकदा कळलं की पुढं जायचं. चघळत बसायचं नाही."

"हो बाई."

"आणि फळ्याकडं तोंड करून काय बोलतेस? भिंतीला कळून काय उपयोग?"

"हो बाई."

आणि दुसऱ्या दिवशी मागील पानावरून पुढे चालू. पालथ्या घड्यावर पाणी, असं मनात म्हणत बाई मागच्या बाकावर पाय हलवत बसत. हात शिवशिवायचे, जीभ शिवशिवायची. एकदा तर त्यांनी रुमाल तोंडात धरला होता.

एका शुक्रवारी त्यांचा तोल गेला. "माझ्या डोक्यावर काय शिंगं उगवल्यात काय गं? सारखी बघतेस ती."

अल्फियाने आधी मान खाली घातली. मग म्हणाली, "शिंगं नाहीत बाई. दिवा आहे."

"कसला दिवा?"

"त्या डबीला मूल कोण, मोठं माणूस कोण, कळत नाही. ती वर्गातल्या सगळ्यांचेच दिवे दाखवते. तुमचा लाल असतो. मी काय पण सांगितलं तरी लालच." तिचा आवाज अजून बारीक झाला. "मला वाटतं, बाईंनाच पटेना तर पोरांना काय कळणार. म्हणून मी परत सांगते."

बाईंना आधी हसू फुटलं. ह्या पोरीने दोन महिने चौथीच्या मुलांना बाजूला ठेवून, जन्म शिकवण्यात घालवलेल्या बाईला परिमिती शिकवली होती. मग हसू आपोआप ओसरलं, कारण इतकं शिकवूनही दिवा लालच राहिला होता.

शनिवार-रविवार बाईंना चैन पडलं नाही. त्यांच्या आईला शेवटच्या वर्षांत माणसं ओळखू येत नव्हती, आणि त्या गोष्टीचं नावही बाई कधी तोंडातून काढत नसत. भाजी निवडता निवडता त्यांनी एकोणतीसचा पाढा म्हणून पाहिला, तो आला. पहिलीपासूनच्या सगळ्या वर्गशिक्षकांची नावं आठवली, तीही आली. तरी जीव थाऱ्यावर येईना. सोमवारी प्रार्थनेआधीच त्यांनी अल्फियाला गाठलं.

"मला कळत नाही, असं म्हणतोय का तो दिवा?"

"तसं नाही बाई," अल्फिया गडबडून म्हणाली. "लाल म्हणजे कळलं नाही असं नसतंय. मन हुडकायला लागलंय, एवढंच. चष्म्याच्या पुस्तिकेत लिहिलंय तसं. मीच घाबरून उलटा अर्थ लावला." थोड्या वेळाने तिने विचारलं, "तिथं बसून तुम्ही काय हुडकता?"

बाईंनी विचार केला. "कुणाची पेन्सिल थांबली, कुणी शेजारणीच्या वहीत बघितलं, रेवानं मान कधी तिरकी केली. कुणाच्या डोक्यात काय चाललं असंल, त्याचा अंदाज बांधत बसते. बोलायची तर बंदी आहे, दुसरं काय करू?"

"आणि सापडतं?"

"कुठलं सापडतंय. म्हणून तर लाल."

बाईंच्या डोक्यावरचं ओझं उतरलं आणि ओझं उतरलं की बाईंना नेहमीच थोडा चेव येत असे. "तो चष्मा उद्या मला दे. माझा भाकरीचा तास आहे. दिवे कसे लावायचे ते बघ मागं बसून." दिवे लावणं याचा मराठीत आणखी एक अर्थ आहे, पण तो बाईंना त्या वेळी आठवला नाही.

भाकरीचा तास म्हणजे बाईंचं हुकमाचं पान. दुसऱ्या केंद्रांतले शिक्षक तो बघायला येऊन गेले होते. पहाटे उठून बाई ज्वारीच्या दोन सारख्या भाकऱ्या थापत, फडक्यात गुंडाळून वर्गात आणत आणि पोरांच्या देखत मोडत. एक तिघांत, दुसरी चौघांत. त्या मंगळवारीही त्यांनी तसंच केलं. नाकावर चष्मा होता, पण बोलण्याच्या भरात दिव्यांकडे त्यांचं लक्षच गेलं नाही.

"तिघांत वाटली तर वाटा मोठा येतोय, का चौघांत?"

"तिघांत बाई!"

"मग एक तृतीयांश मोठा, एक चतुर्थांश लहान. कळलं का?"

"होऽऽ बाई!"

तो 'हो' नेहमीसारखा खणखणीत होता. बाईंनी समाधानाने वर पाहिलं. हिरवे दिवे बोटांवर मोजण्याइतके होते. दोन-तीन लाल. बाकी सगळा वर्ग राखाडी.

त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. "नक्की कळलं?"

"होऽऽ बाई!" आता आवाज आणखी चढला होता. जे दोन-तीन लाल होते तेही राखाडी झाले.

मधल्या सुट्टीत त्यांनी रेवाला बाजूला घेतलं. रेवा तासातलीच भाकरी चटणीला लावून खात होती.

"रेवा, खरं सांग. मी रागवत नाही. कळलं होतं तुला?"

"न्हाई बाई."

"मग हो का म्हणालीस?"

रेवाला हा प्रश्नच येडपट वाटला असावा. तिने घास गिळला. "तुम्ही एवढं घामाघूम हून सांगतासा. घरातनं भाकऱ्या करून आणतासा. न्हाई म्हटलं की तुमचं तोंड एवढंसं हुतंय. मग सगळीच हो म्हणत्यात. मी पण म्हणलो."

"आणि नदाफ मॅडमनी विचारलं की?"

"त्यास्नी कशाला खोटं सांगायचं?" रेवा म्हणाली. "त्या आमच्या कोण हायत?"

बाई हौदापाशी जाऊन उगाच हात धूत राहिल्या. त्यांना रडू येत होतं आणि पोरं बघतील म्हणून रडता येत नव्हतं. एवढी वर्षं ज्या 'हो'वर त्या जगत आल्या होत्या, तो मुलांनी त्यांना दिलेला खाऊ होता. लाडक्या बाईंना वाईट वाटू नये म्हणून वर्गच्या वर्ग मान डोलवत आला होता आणि बाई त्या मानांवर खूश होऊन पुढच्या धड्याकडे गेल्या होत्या. किती जणांना, किती वर्षं, काय काय कळलंच नसेल, याचा हिशेब आता कुणी करायचा.

आणि मग त्यांना त्या दोघी आठवल्या. बँकेतली आणि बेंगळुरूची. त्याही चर्चेला बसल्या की 'हो बाई'च म्हणायच्या.

त्या संध्याकाळची चर्चा बाईंनी शिक्षकांच्या खोलीत न घेता रिकाम्या वर्गातच घेतली. चष्मा परत केला नव्हता. "बघते जरा कसा वापरायचा," असं म्हणून तो नाकावर ठेवला आणि अल्फियाच्या समोर बाकावर बसल्या.

"प्रश्न विचारलास की थांबायला शीक."

"हो बाई." दिवा राखाडी.

"थांबायचं म्हणजे त्यांच्या तोंडाकडं बघायचं, आपण उत्तर द्यायचं नाही."

"हो बाई." राखाडी.

"आणि उद्यापासनं फळा उलटा टांगायचा."

"हो बाई." मान डोलली, मग मध्येच थांबली. दिवा लाल झाला. "काय टांगायचा?"

बाई हसल्या नाहीत. "तू पण जाणार आहेस, होय गं?"

लाल दिवा बराच वेळ तसाच राहिला. मग अल्फियाने सांगून टाकलं. पुण्याची एक कंपनी होती. आता चष्मे नुसते दिवे दाखवणार नव्हते, शिकवणाऱ्याच्या कानात पुढचं वाक्य सांगणार होते, आणि ती वाक्यं तयार करायला त्यांना वर्गात उभी राहिलेली माणसं हवी होती. परवाना मिळो न मिळो, तिला घ्यायला ते तयार होते. शनिवारी दुपारपर्यंत कळवायचं होतं. शनिवारीच सकाळी तिचा अंतिम पाठ होता.

"मला जमत नाही बाई. माझ्या वर्गात नुसते लाल दिवे असतात. तुमच्या हाताखाली राहून पण जमत नाही."

यानंतर बाईंनी जे केलं त्याची त्यांना पुढे लाज वाटली. त्या बोलू लागल्या, पण डोळे अल्फियाच्या चेहऱ्यावर नव्हते, चेहऱ्याच्या वर होते. सरकारी नोकरी, पक्की, गावाजवळची, असं म्हणून पाहिलं. राखाडी. ह्या पोरांच्या भविष्याचा प्रश्न आहे, असं म्हणाल्या. ते वाक्य त्यांनाही पाठच होतं, दिवा राखाडीच राहिला. मग घरच्यांचा विषय काढला, तुला शिकवायला तुझ्या अब्बांनी काय काय केलं, वगैरे. दिवा लाल झाला. कुठेतरी लागलं होतं. बाईंनी तो धागा सोडला नाही, हळूहळू ओढत आणला. मग रेवाचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं, अगदी तोंड एवढंसं होण्यापर्यंत. "माझ्याशी पोरं खोटं बोलतात. तुझ्याशी खरं बोलतात. तुझे ते लाल दिवे म्हणजे पोरं खरोखर डोकं चालवतात गं. मला एवढ्या वर्षांत जे मिळालं नाही ते तुला पहिल्या वर्षी मिळालंय."

यात एक शब्द खोटा नव्हता. दिवा लुकलुकला, लाल राहिला, आणि मग हिरवा झाला.

"थांबते बाई," अल्फिया म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

गळाला मासा लागला की हाताला जसा हिसका बसतो, तसा आनंद बाईंना झाला. आणि तो कशाचा आनंद होता हे कळताच त्यांनी चष्मा काढून बाकावर ठेवला.

"ऐक. मी तुझा दिवा बघत बोलत होते. कुठलं बोलणं लागू पडतंय ते बघून बघून."

अल्फियाला समजायला एक क्षण लागला. मग तिचा चेहरा उतरला. "म्हणजे तुम्ही माझ्याशी बोलतच नव्हता. दिव्याशी बोलत होता."

"आणि तू दोन महिने काय करत होतीस?"

बाईंना ते वाक्य परत घ्यावंसं वाटलं, पण खरं वाक्य परत कसं घ्यायचं. अल्फियाने चष्मा उचलून पिशवीत टाकला. दारातून जाताना म्हणाली, "मी थांबते म्हटलं ते धरू नका बाई."

पुढचे तीन दिवस ती कामापुरतं बोलली. बाईंनीही चर्चेला बोलावलं नाही. पण वर्गात काहीतरी बदललं होतं. प्रश्न विचारून अल्फिया थांबायला लागली होती. बुधवारी एक मुलगा पडला तेव्हा त्याच्या गुडघ्यातले खडे काढत ती हौदापाशी बराच वेळ बसली, आणि गुरुवारी पोरींनी तिला लंगडीत घेतलं. बाई हे सगळं व्हरांड्यातून बघत आणि पुन्हा आत जात. सल्ला द्यायला जीभ वळवळली की पाणी पीत. गुरुवारी त्या इतकं पाणी प्यायल्या की शाळेच्या सेविकेने तब्येत बरी आहे ना असं विचारलं.

शनिवारी सकाळी प्रार्थनेच्या रांगेत बाईंच्या कानावर रेवाची कुजबुज पडली. "नदाफ मॅडमचा शेवटचा पाठ हाय. नापास झाल्या तर जात्यात म्हणं. सगळ्यांनी हो म्हणायचं, काय? मोठ्यानं."

बाईंना आधी बरं वाटलं. मॅडम आता पोरांच्या कोण तरी झाल्या होत्या. पण ते क्षणभरच, कारण या प्रेमाचा रंग कोणता असतो ते त्यांनी मंगळवारीच पाहिलं होतं.

अल्फियाने अंतिम पाठाला मुद्दाम अपूर्णांकच घेतले. भाकरी आणली नव्हती, खडूने फरशीवर मोठे गोल काढले होते आणि पोरांना त्यांच्या वाट्यात उभं केलं होतं. चौघांच्या गोलातल्या पोरांची दाटी झाली, एकाने दुसऱ्याला ढकललं, हसाहशी झाली. बाई मागच्या बाकावर हात मांडीखाली दाबून बसल्या होत्या. पाठ चांगला चालला होता. मग मुलं जागेवर बसली आणि तिने विचारलं.

"कळलं का?"

"होऽऽ मॅडम!"

काचा हादराव्यात असा 'हो'. सगळ्यांच्या हाताच्या घड्या ताठ, माना डोलतायत, रेवा तर दोनदा डोलवतेय. अल्फिया त्यांच्या डोक्यांवरून बघत राहिली. तिला काय दिसतंय हे बाईंना चष्म्याशिवाय दिसत होतं. तिने पुढे बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग तिची नजर पुन्हा एकदा मागच्या बाकावर आली.

छताच्या डबीत नुसत्या लहरी नव्हत्या, आवाज टिपायची सोयही होती. निरीक्षक बोलला की पाठ बाद. पाठ बाद झाला की परवाना लांबणीवर, आणि पुण्याचा रस्ता मोकळा. बाईंना हे सगळं ठाऊक होतं. पण आज ही पोर राखाडी वर्गावरून पुढे जायला शिकली, तर ती जन्मभर तशीच पुढे जात राहील, हेही त्यांना स्वतःवरून ठाऊक होतं. त्या हात वर करून उभ्या राहिल्या.

"मॅडम, मला नाही कळलं."

वर्गाने एकदम मागे पाहिलं. बाईंना न कळणं ही गोष्ट त्या शाळेत आजवर घडली नव्हती. अल्फियाने बाईंच्या डोक्याच्या वर पाहिलं, मग बाईंच्या डोळ्यांत.

"बसा खाली बाई," ती म्हणाली. "आज पहिल्यांदाच तुमचा दिवा हिरवा आहे. तुम्हाला कळलंय."

पोरं फिसकन हसली. बाई खाली बसल्या. त्यांना चारचौघांत थोबाडीत बसल्यासारखं वाटलं आणि इतकं बरं वाटलं की त्यांनी कधी नव्हे ते पाय हलवायचे थांबवले.

अल्फियाने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ज्यांना खरंच कळलं नाही त्यांनी उठा. माझं तोंड काय एवढंसं होत नाही. झालं तर होऊ दे. मी थांबते." आणि ती थांबली. टेबलाला टेकून, काही न बोलता. चुळबूळ झाली, कुणी खोकलं, कुणी शेजाऱ्याला कोपर मारलं. बाईंनी एवढी लांब शांतता कधी कुठल्या वर्गात राहू दिली नव्हती.

शेवटी रेवा उठली. "मॅडम, आज्जीची भाकरी मोठी असत्या. आईची बारकी. मग आज्जीच्या भाकरीचा पाव मोठा, का आईच्या भाकरीचा अर्धा?"

बाईंनी दोन भाकऱ्या कायम सारख्या थापल्या होत्या. हा प्रश्न त्यांच्या वर्गात कधी उठलाच नव्हता.

"थांब," अल्फिया म्हणाली. "मला पण विचार करू दे. आज्जीची केवढी असत्या? इथं काढून दाखव."

रेवाने खडू घेऊन फरशीवर हा एवढा गोल काढला. दुसरीने तिच्या आईची भाकरी त्याच्यापेक्षा मोठी असते म्हणून आणखी मोठा काढला. तिसरा म्हणाला, मॅडम मला पण नाही कळलं, मघाशी हो म्हणलो ते उगाच. मग उठणाऱ्यांची रांगच लागली. घंटा झाली ती कुणाच्या कानात शिरली नाही.

बाई उठून बाहेर आल्या. फोनवर केंद्राचा निरोप आला होता. निरीक्षकाचा हस्तक्षेप, पाठ बाद, फेरपाठ एप्रिलमध्ये दुसऱ्या निरीक्षकासमोर, श्रीमती कुराडे यांचं नाव मार्गदर्शकांतून कमी. बाईंनी तो वाचला आणि फोन पिशवीत ठेवला. शाळा कधीच सुटली होती. बाकीच्या वर्गांची दारं लागली, सायकली गेल्या, सेविका कुलूप घेऊन दोनदा येऊन गेली. चौथीच्या वर्गातून भांडणाचे आवाज येत होते. कुणाच्या आज्जीचा पाव मोठा यावरून.

ऊन डोक्यावर आलं तशा बाई दारापाशी गेल्या. अल्फिया फरशीवर मांडी घालून बसली होती. ओढणीला खडू, हातांना खडू, भोवती सात-आठ पोरं आणि गोलच गोल.

"अल्फिया," बाई म्हणाल्या, "पाठ बाद झाला बघ. माझ्यामुळं."

"कळलं बाई. मघाशीच."

"आणि पुण्याला कळवायचं होतं ना?"

"थांबा की बाई," मान वर न करता ती म्हणाली. "हिचं आत्ता कुठं अर्ध्यावर आलंय."

"दुपारपर्यंत म्हणाली होतीस."

"मग होऊ दे की दुपार."

बाईंनी दार हळूच ओढून घेतलं आणि त्या व्हरांड्यात आपल्या चपला शोधू लागल्या.